दूरध्वनीवरील पहाऱ्याला वेसण घालणारे तारकुंडे

नागरिकाचे दूरध्वनी संभाषण सरकारला चोरून ऐकता येते काय आणि ते कोणाच्या आदेशाने, याचा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये केला. ही लढाई लढणाऱ्या ‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज’ अर्थात पीयूसीएलच्या संस्थापकांपैकी एक होते न्या. विठ्ठल महादेव तारकुंडे.

सासवड येथे ३ जुलै १९०९ रोजी जन्मलेले तारकुंडे लंडनहून बॅरिस्टर होऊन परतले व पुण्यात वकिली करू लागले. पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांनी प्रभावित होऊन त्यांनी रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्याला वाहून घेतले. १९५७ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १९६९ मध्ये ते पद स्वेच्छेने सोडून त्यांनी सर्वोच्च न्यायालयात वकिली आरंभिली.

आणीबाणीतही स्थानबद्धांना न्यायालयात दाद मागता येते, असा कौल नागपूर खंडपीठासह अनेक उच्च न्यायालयांनी दिला होता. त्याविरुद्धच्या सरकारी अपिलांत स्थानबद्धांची बाजू मांडणाऱ्या वकिलांत तारकुंडे होते. एप्रिल १९७६ मध्ये निकाल विरोधात गेला. त्याच वर्षी जयप्रकाश नारायण यांच्यासमवेत त्यांनी नागरी हक्कांची संघटना उभारली. १९८० मध्ये तिचेच रूपांतर पीयूसीएलमध्ये झाले.

राजकीय नेत्यांच्या दूरध्वनी टॅपिंगविषयीचा सीबीआयचा अहवाल उजेडात आल्यावर १९९१ मध्ये पीयूसीएलने याचिका दाखल केली. रामटेकमधून १९८४ व १९८९ मध्ये लोकसभेवर निवडून गेलेले पी. व्ही. नरसिंह राव त्याच वर्षी पंतप्रधान झाले. त्यांची कारकीर्द संपली तरी याचिका प्रलंबितच होती.

अखेर १८ डिसेंबर १९९६ रोजी निकाल लागला. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यातील टॅपिंगची तरतूद कायम राहिली; मात्र कायदेशीर प्रक्रियेविना केलेले टॅपिंग हा घटनेच्या कलम २१ चा भंग ठरला. सार्वजनिक आणीबाणी वा सार्वजनिक सुरक्षिततेचे कारण, गृहसचिवांचा आदेश, दोन महिन्यांची व वाढवून कमाल सहा महिन्यांची मुदत आणि समितीकडून फेरतपासणी, ही बंधने आली. न्यायाधीशाच्या पूर्वपरवानगीची मागणी मात्र कायद्यात तशी तरतूद नसल्याने मान्य झाली नाही.

१९९८ मध्ये पद्मभूषणने सन्मानित झालेल्या तारकुंडे यांचे २२ मार्च २००४ रोजी निधन झाले. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा नऊ न्यायाधीशांचा निर्णय २०१७ मध्ये आला, २०२३ मध्ये नवा दूरसंचार कायदाही झाला. तथापि, त्याखालील २०२४ च्या नियमांतही आदेशाचा अधिकार गृहसचिवांकडेच आहे. सरकारच्या पहाऱ्यावर सरकारचाच अंकुश पुरेसा आहे काय, हा प्रश्न तारकुंडे यांच्या पश्चातही अनुत्तरित आहे.