गब्बरच्या मागावर असलेला कामठीचा पोलीस अधिकारी, ज्याच्या दोन लेखांमुळे हजारो कैदी सुटले

पोलिसांचा विषय निघाला की सोशल मीडियावर दोन गट पडतात. एक म्हणतो, पोलिसांना सॅल्यूट ठोका, प्रश्न विचारू नका. दुसरा म्हणतो, सगळे पोलीस सारखेच. काटोलमध्ये तर हा विषय जरा जास्तच रंगतो, कारण २०२०-२१ मध्ये राज्याचं गृहखातं इथल्याच आमदारांकडे होतं.

पण याच नागपूर जिल्ह्यात एक असा माणूस जन्मला, ज्याने आयुष्यभर खाकीचा मान वाढवला आणि त्याच खाकीला जाबही विचारला. त्यांचं नाव खुस्रो फरामर्ज रुस्तमजी.

२२ मे १९१६ ला कामठीत एका पारशी घरात त्यांचा जन्म झाला. शिक्षण मुंबई आणि नागपुरात झालं. काही काळ त्यांनी नागपूरच्या सायन्स कॉलेजात शिकवलंही. १९३८ मध्ये ते पोलीस सेवेत निवडले गेले. तेव्हा नागपूर ही सीपी अँड बेरार प्रांताची राजधानी होती आणि रुस्तमजींना हाच प्रांत मिळाला.

१९५२ मध्ये त्यांच्याकडे पंतप्रधान नेहरूंच्या सुरक्षेची जबाबदारी आली. हे काम सोपं नव्हतं, कारण नेहरू गर्दी दिसली की तिच्यात शिरायचे. मार्च १९५५ मध्ये नागपुरातच एका रिक्षावाल्याने चाकू घेऊन नेहरूंच्या गाडीवर उडी घेतली. नेहरूंना काही झालं नाही. लोकशाहीतल्या नेत्याला लोकांपासून तोडायचं नाही आणि जीवही सांभाळायचा, ही कसरत रुस्तमजींनी सहा वर्षं केली.

१९५८ मध्ये ते मध्य प्रदेश पोलिसांचे प्रमुख झाले. चंबळमध्ये तेव्हा डाकूंची दहशत होती. त्यातला एक होता गब्बर सिंग. हो, शोलेतल्या गब्बरचं नाव ज्याच्यावरून आलं, तोच. हा गब्बर लोकांची नाकं कापायचा. नोव्हेंबर १९५९ मध्ये रुस्तमजींच्या पोलिसांनी त्याला चकमकीत संपवलं. दुसऱ्या दिवशी नेहरूंचा वाढदिवस होता. रुस्तमजींनी ही बातमी त्यांना वाढदिवसाची भेट म्हणून कळवली.

१९६५ च्या युद्धानंतर सीमेसाठी वेगळं दल हवं, असं सरकारने ठरवलं. १ डिसेंबर १९६५ ला बीएसएफ उभं राहिलं आणि त्याचे पहिले प्रमुख झाले रुस्तमजी. नऊ वर्षं ते त्या पदावर होते. १९७१ मध्ये बांगलादेशच्या मुक्तिवाहिनीला सुरुवातीची मदत याच दलाने केली.

इथवरची गोष्ट कुठल्याही शूर अधिकाऱ्याची वाटेल. खरा विषय पुढे आहे.

आणीबाणीत पोलिसांचा गैरवापर झाला होता. १९७७ मध्ये जनता सरकारने धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला. रुस्तमजी त्याचे सदस्य होते. आयोगाच्या कामासाठी ते बिहारच्या तुरुंगांत गेले. तिथे त्यांना असे कच्चे कैदी दिसले, ज्यांचा खटला सुरूच झाला नव्हता. काहींनी तर त्यांच्या गुन्ह्याला असलेल्या कमाल शिक्षेपेक्षा जास्त काळ आत काढला होता.

रुस्तमजी गप्प बसू शकले असते. पण जानेवारी १९७९ मध्ये त्यांनी इंडियन एक्सप्रेसमध्ये यावर दोन लेख लिहिले. ते वाचून दिल्लीतल्या वकील पुष्पा कपिला हिंगोरानी सुप्रीम कोर्टात गेल्या. हा खटला हुसैनारा खातून नावाने गाजला. जलद सुनावणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं कोर्टाने सांगितलं. या खटल्यामुळे सुमारे ४० हजार कैदी सुटल्याचं सांगितलं जातं. देशातल्या जनहित याचिकांची सुरुवात इथूनच मानतात.

आयोगाने शिपायाचा पगार, घर आणि कामाची परिस्थिती सुधारायला सांगितलं. त्याच वेळी कोठडीत मृत्यू किंवा बलात्कार झाला, तर न्यायालयीन चौकशी सक्तीची करा, असंही सुचवलं. पोलिसांना राजकीय दबावापासून वाचवायला राज्य सुरक्षा आयोग नेमा, असंही सांगितलं. मान आणि जाब, दोन्ही एकाच अहवालमालेत.

पुढे हे अहवाल धूळ खात पडले. शेवटी बीएसएफचेच आणखी एक माजी प्रमुख प्रकाश सिंह १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टात गेले आणि २००६ मध्ये कोर्टाने राज्यांना पोलीस सुधारणांचे आदेश दिले. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायद्यात बदल करून पोलीस तक्रार प्राधिकरणाची तरतूद केली. म्हणजे आज काटोलमधल्या कुणाला नियम डावलून अटक झाली किंवा कोठडीत गंभीर मारहाण झाली, तर पोलीस खात्याबाहेर दाद मागायची एक जागा कायद्यात आहे. तिच्यामागे रुस्तमजींच्या आयोगाचं कामही आहे.

१९९१ मध्ये रुस्तमजींना पद्मविभूषण मिळाला. २००३ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं.

गब्बरचं नाव आज पोराटोरांना माहीत आहे. त्याच्या मागावर असलेल्या माणसाचं नाव त्याच्याच जिल्ह्यात फारसं कुणी घेत नाही. पुढच्या वेळी पोलिसांवरून कमेंटमध्ये भांडण लागलं, की हे नाव नक्की सांगा. कारण पोलिसांना प्रश्न विचारणं म्हणजे त्यांचा अपमान नाही, हे खुद्द एका पोलिसानेच दाखवून दिलं होतं.