चुकीच्या आजारावर बरोबर औषध

हार्टचा त्रास असलेल्या आजोबांच्या डब्यात अ‍ॅस्पिरिनची ७५ मिलिग्रॅमची बारीक गोळी तुम्ही पाहिली असेल. तिची गोष्ट चालू होते १७५७च्या आसपास, इंग्लंडमधल्या चिपिंग नॉर्टन या गावी. तिथल्या एका पाद्र्याने सहज म्हणून विलोची साल चावून पाहिली आणि ती भयंकर कडू लागली.

एडवर्ड स्टोन त्याचं नाव. जन्म १७०२चा, शिक्षण ऑक्सफर्डच्या वॅडम कॉलेजात. तो डॉक्टर नव्हता, पण त्या कडू चवीवरून त्याला सिंकोना आठवला. तेव्हा इंग्लंडच्या दलदलीच्या भागांत हिवताप नेहमीचाच होता. त्यावर सिंकोनाची साल चालायची, पण ती दक्षिण अमेरिकेतून जहाजाने येणारी आणि महागडी. गरिबाने तापात कुडकुडत पडून राहायचं. विलो मात्र ओढ्याकाठी फुकट उभा. (आपल्याकडचा वाळुंज याच कुळातला.)

आता स्टोनचं लॉजिक ऐका. चव सारखी, म्हणजे गुण सारखा. शिवाय हिवताप ओलसर जागी होतो, विलोही तिथेच वाढतो, म्हणजे रोगाशेजारीच औषध ठेवलेलं असणार! परीक्षेत असं लिहिलंत तर भोपळा मिळेल. पण हा माणूस नुसता तर्क लढवून थांबला नाही. त्याने पौंडभर साल गोळा केली, पिशवीत भरून पाववाल्याच्या भट्टीबाहेर तीन महिन्यांहून जास्त वाळवली आणि तिची पूड केली. पाण्यातून, चहातून दर चार तासांनी थोडी थोडी द्यायची. अपाय होत नाही असं दिसलं की मात्रा वाढवायची. पाच वर्षांत सुमारे ५० रुग्ण झाले. बहुतेकांचा ताप उतरला. काही चिवट, दर चौथ्या दिवशी उलटणारे ताप मात्र हटेनात. तेव्हा त्याने पुडीत एक पंचमांश सिंकोना मिसळला. आपलं औषध कुठे कमी पडलं हेही त्याने लिहून ठेवलं, आणि मला तरी तो सगळ्यात जास्त इथेच आवडतो.

कारण गोम नेमकी तिथेच आहे. सिंकोनातलं क्विनाइन हिवतापाच्या परजीवीलाच मारतं. विलो त्याला हातही लावत नाही! मग ताप कसा उतरायचा? विलोच्या सालीत सॅलिसिन असतं, शरीरात त्याचं सॅलिसिलिक आम्ल होतं. जंतू शिरले की आपल्या पांढऱ्या पेशी खवळतात, प्रोस्टाग्लॅंडिन नावाची रसायनं तयार होतात, आणि ताप, सूज, ठणका सुरू होतो. हे उत्पादन सॅलिसिलेट गटातली औषधं कमी करतात. अ‍ॅस्पिरिन ते कसं रोखतं हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं, त्यासाठी १९८२चं नोबेलही मिळालं. १९९४ मध्ये आणखी एक धागा सापडला: सॅलिसिलेटची मात्रा जास्त असेल, तर पेशींमधलं दाह पेटवणारं एनएफ-कप्पा-बी हे बटणही दबतं. म्हणजे स्टोन शोधत होता स्वस्त सिंकोना आणि हाती लागलं दाह शमवणारं औषध.

म्हणून साली उकळत बसू नका हं. आणि डेंग्यूच्या दिवसांत अंग दुखलं तर मनाने अ‍ॅस्पिरिनही घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

१७६३च्या एप्रिलमध्ये स्टोनने रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र लिहून सगळा हिशेब कळवला. पत्र सोसायटीच्या नियतकालिकात छापूनही आलं, फक्त मथळ्यात एडवर्डचा एडमंड झाला. १७६८ मध्ये तो वारला. सालीतून सॅलिसिन वेगळं काढायला १८२८ साल उजाडलं, आणि पुढेही कितीतरी ठिकाणी श्रेय एडमंडलाच मिळत राहिलं.