पेशव्यालाच दोषी ठरवणारे रामशास्त्री. या प्रकरणाचा अंधेरी-मुलुंडशी काय संबंध?

सत्तेवर बसलेला माणूसच आरोपी असेल तर न्याय कोण करणार? अडीचशे वर्षांपूर्वी पुण्यात हा प्रश्न उभा राहिला, तेव्हा रामशास्त्री प्रभुणे मागे हटले नाहीत.

कोण होते रामशास्त्री?

साताऱ्याजवळच्या माहुलीचे. शिक्षण काशीला झालं. पुढे ते पेशव्यांचे मुख्य न्यायाधीश झाले. जपजाप्यात रमलेल्या थोरल्या माधवरावांना त्यांनी राज्यकारभार किंवा तपश्चर्या यातलं एकच निवडायला सांगितलं, अशी आठवण सांगितली जाते.

१७७३ मध्ये काय घडलं?

३० ऑगस्टला शनिवारवाड्यात गारद्यांनी १८ वर्षांच्या नारायणराव पेशव्यांची हत्या केली. ‘ध चा मा’ हा वाक्प्रचार याच घटनेतला. त्यानंतर काका रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा पेशवे झाले. रामशास्त्रींच्या चौकशीचे धागे थेट त्यांच्यापर्यंत पोहोचले. या गुन्ह्याला देहान्त प्रायश्चित्तच आहे, असं नव्या पेशव्याला सुनावून रामशास्त्री पद सोडून पुण्याबाहेर पडले.

निकालाचं पुढे काय झालं?

शिक्षा झालीच नाही. अंमलबजावणी ज्याच्या हाती, तोच दोषी होता! नाना फडणवीसांसह बारभाईंनी राघोबांना सत्तेवरून दूर केलं आणि रामशास्त्री पुन्हा न्यायासनावर आले. १७८९ मध्ये त्यांचं निधन झालं.

उपनगरांचा संबंध काय?

गादी परत मिळवण्यासाठी राघोबा इंग्रजांकडे गेले. मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहात त्यांनी साष्टी आणि वसई देण्याचं कबूल केलं. ठाण्याचा किल्ला तर इंग्रजांनी डिसेंबर १७७४ मध्येच घेतला होता. १७८२ च्या सालबाईच्या तहानंतरही साष्टी त्यांच्याकडेच राहिली. आजचं अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड याच साष्टीत येतं.

आज काय वेगळं आहे?

रामशास्त्रींचं पद पेशव्याच्या मर्जीवर होतं. अधिकारांची विभागणी नव्हती, आधार फक्त त्यांच्या करारीपणाचा होता. आता तो आधार कायद्यात आहे:

- अनुच्छेद १४ : कायद्यापुढे सगळे समान.
- अनुच्छेद ५० : न्यायव्यवस्था कार्यपालिकेपासून वेगळी ठेवण्याचं राज्याला निर्देशक तत्त्व.
- अनुच्छेद ३६१ : पदावर असताना फौजदारी खटल्यापासून संरक्षण फक्त राष्ट्रपती आणि राज्यपालांना. पंतप्रधान, मुख्यमंत्र्यांना नाही.
- हायकोर्टाच्या न्यायाधीशांना हटवायचं तर संसदेच्या दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत लागतं.
- १ एप्रिल १९७४ पासून २०२४ पर्यंत लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेने न्यायदंडाधिकारी आणि कार्यकारी दंडाधिकारी वेगळे केले. आजही अंधेरी किंवा बोरिवलीच्या कोर्टातले न्यायदंडाधिकारी सरकारच्या नव्हे, हायकोर्टाच्या नियंत्रणाखाली असतात.

रामशास्त्रींना निकाल सुनावून पद सोडावं लागलं. निकालासाठी न्यायाधीशावर ती वेळ येऊ नये, यासाठीच ही सगळी तजवीज आहे.