पंचांगाचा कागद

आमच्या जोयड्याच्या रानातील बांबूचा एके काळी दांडेलीच्या गिरणीत कागद होई. अशा मुलखात वाढलेल्या मला छापील कागदाचा कोणाला विटाळ वाटला असेल, हे खरेच वाटेना. पण १८३१ साली मुंबईत गणपत कृष्णाजींनी मराठी पंचांग छापले तेव्हा सोवळी मंडळी ते हाती घेईनात. शाईत चरबी असते, असा त्यांचा संशय!

गणपत कृष्णाजी भंडारी घरातले. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात ते काम शिकले, मग घरीच लाकडी यंत्र उभारून शिळेवर छापू लागले. शाईही स्वतः केली. तीत तूप घालीत, असे सांगतात. पुढे त्यांनी टाइपही पाडले.

शिळाछापात लेखकाचे हस्ताक्षर जसेच्या तसे उतरते, त्यामुळे पान पोथीसारखे दिसते. मात्र कागद पातळ असला की शाई पाठीमागे फुटते. खरखरीत असला की बारीक आकडे तुटतात. पंचांग म्हणजे तर आकड्यांचेच पुस्तक, तेही वर्षभर हाताळायचे. जाड, गुळगुळीत कागद घ्यावा तर किंमत चढते. आम्हा वाणिज्यवाल्यांना हा हिशेब शोभेआधी सुचतो, त्याला इलाज नाही.

१८६० साली ते वारले. आमची आजी अजूनही हात धुऊनच पंचांग उघडते. पाने मळू नयेत म्हणून.