बाईमाणसाचा कारभार

अहिल्यादेवी म्हटले की आपल्या इंदूरकरांच्या डोळ्यांपुढे पांढरी साडी आणि हातातली शिवपिंडी उभी राहते. ही प्रतिमा खरी आहे, पण अपुरी आहे.

आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडी गावी ३१ मे १७२५ रोजी त्यांचा जन्म झाला. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. रूढीप्रमाणे त्या सती जायला निघाल्या. सासरे मल्हाररावांनी त्यांना थांबवले. त्यामागे माया तर होतीच, पण सुनेची कुवतही त्यांनी ओळखली होती. पुढे हिशेब, पत्रव्यवहार, फौजेची रसद, तोफखान्याची तजवीज अशी कामे ते सुनेवर निर्धास्तपणे सोपवू लागले.

१७६६ मध्ये मल्हारराव गेले, पुढच्याच वर्षी मुलगा मालेरावही गेला. बाईमाणसाला राज्य झेपणार नाही, असे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी गृहीत धरले. मूल दत्तक घ्यावे, कारभार आपल्याकडे राहावा, असा त्यांचा बेत होता. त्यांच्या भरीस पडून राघोबादादा फौजेसह माळव्याकडे आले. विधवा घाबरेल, हाच दोघांचा हिशेब होता.

तो चुकला. अहिल्याबाईंनी दत्तकाला नकार दिला, फौज सज्ज केली, इतर मराठा सरदारांची मदत मागितली आणि माधवराव पेशव्यांकडे दाद मागितली. पेशव्यांनी त्यांचा हक्क मान्य केला. सांत्वनासाठीच आलो होतो, असे म्हणून दादांनी वेळ मारून नेली, असे सांगतात. सेनेची जबाबदारी तुकोजी होळकरांना देऊन बाईंनी मुलकी कारभार स्वतःच्या हाती ठेवला. महेश्वरहून तो २८ वर्षे चालला. न्याय, वसुली, रस्ते, घाट, विणकरांना आश्रय, सारे त्यांच्या नजरेखाली होते.

तरी रूढीपुढे त्यांचेही एकदा चालले नाही. १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे वारले. मुलगी मुक्ताबाई सती निघाली. आईने परोपरीने विनवले, पण ती थांबली नाही. मुलीची चिता त्यांना डोळ्यांनी पाहावी लागली. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरी त्यांचे निधन झाले.

एका सासऱ्याने रूढीपेक्षा सुनेची कुवत मोठी मानली, म्हणून माळव्याला अहिल्यादेवी लाभल्या. आपल्या घरात व्यवहाराची, पैशाची गोष्ट निघाली की लेकीसुनांना आतल्या खोलीत पाठवताना एवढे आठवले, तरी त्यांची पुण्यतिथी साजरी झाली.