रॉबर्ट मूग : तळघरात वाद्य बनवणारा मुलगा



दिवाळी झाली की आपल्या गोंदिया जिल्ह्यात गावोगावी मंडई भरते आणि रात्री झाडीपट्टीचं नाटक असतं. रंगमंचापाशी बसलेले वादक तुम्ही बघितलेच असतील. ऑर्गन, तबला आणि आता बऱ्याच ठिकाणी की-बोर्ड. या पेटीत बासरी कुठं ठेवली आहे, असं एकदा तिसरीतल्या एका मुलाने मला विचारलं. मला काही नीट सांगता आलं नाही. मग वाचायला लागलो आणि रॉबर्ट मूग या माणसाची ओळख झाली. आडनाव ऐकून मुलं हसतील, डाळ आठवेल. ते स्वतः 'मोग' असा उच्चार करायचे, पण आपल्याकडे मूगच रुळलं आहे.

रॉबर्टचा जन्म २३ मे १९३४ चा, न्यूयॉर्कचा. वडील वीज कंपनीत इंजिनिअर. आईला वाटायचं पोराने मोठा पियानोवादक व्हावं, म्हणून ती रोज रियाजाला बसवायची. पोराचा जीव मात्र तळघरात, वडिलांच्या हत्यारांत. शाळेत तो बुजरा होता, इतर मुलं त्रास द्यायची. घरी आला की बापलेक मिळून सोल्डरिंग करत, तारा जोडत. वयाच्या चौदा-पंधराव्या वर्षी, १९४९ मध्ये, एका मासिकातला आराखडा बघून त्याने थेरेमिन बनवलं. हे वाद्य रशियाच्या लेव्ह थेरेमिन यांनी १९२० च्या सुमारास शोधलेलं. त्याला हात लावायचाच नाही, अँटेनाजवळ हात हलवला की सूर वरखाली होतो.

पुढे त्याने भौतिकशास्त्र आणि विद्युत अभियांत्रिकी शिकली, मग पीएचडीला कॉर्नेल विद्यापीठात गेला. त्या काळात घर चालवायला तो थेरेमिनचे सुटे भाग खोक्यात भरून विकायचा. घेणाऱ्याने घरी स्वतः जोडायचे. १९६१ नंतर असे सुमारे हजार संच गेले. पीएचडी १९६५ ला झाली, म्हणजे मध्ये बरीच वर्षं गेली. या उशिराबद्दल त्याला नावं ठेवावीत असं मला तरी वाटत नाही.

आता आपल्या कामाची गोष्ट. १९६३ च्या अखेरीस शाळांतल्या संगीत शिक्षकांचं एक संमेलन होतं. तिथे मूग आपलं थेरेमिन मांडून बसले होते. हर्बर्ट डॉइश नावाचे संगीत शिक्षक आणि संगीतकार तिथे भेटले. त्यांना नवे आवाज हवे होते. १९६४ च्या उन्हाळ्यात ते मूग यांच्या गावी, ट्रुमन्सबर्गला, येऊन राहिले. डॉइश काय हवं ते सांगायचे आणि मूग ते तारांत उतरवायचे. सूर दाबल्याबरोबर उमटावा आणि हळूहळू विरावा, असं डॉइश यांना हवं होतं. त्यासाठी मूग यांनी त्यांना दुकानातून दारावरच्या बेलचं साधं बटण आणायला पाठवलं. बटण दाबलं की सूर सुरू, सोडलं की विरायचा.

यातली खरी युक्ती मुलांनाही सांगता येते. एक पेटी सूर काढते, दुसरी त्या सुराला गाळते, तिसरी तो लहानमोठा करते. पेट्या सुट्या, मधे वायरी, जुन्या टेलिफोन एक्स्चेंजसारख्या. वायर बदला, आवाज बदलतो. आणि बिघाड झाला तर एकेक वायर काढून कोणती पेटी गप्प आहे ते शोधता येतं. सुराला हुकूम द्यायचा तो विजेच्या दाबाने. दाब एक व्होल्ट वाढला की सूर बरोबर एक सप्तक वर, म्हणजे कंपनं दुप्पट. मध्य सा २४० कंपनांचा असेल तर तार सा ४८० चा.

कागदावर सोपं आहे हे. पण ट्रान्झिस्टर तापला की त्याचं गणित बदलतं आणि सूर सरकतो. तबला हवेने चढतो-उतरतो ना, तसंच. वाद्य सुरू करून तापू द्यायचं, मग सूर लावायचा, आणि कार्यक्रमात परत लावायचा. मूग यांच्या वाद्यांची ही तक्रार बरीच वर्षं राहिली. कॅलिफोर्नियात डॉन बुकला यांनीही त्याच सुमारास असंच यंत्र बनवलं होतं, तेव्हा सगळं श्रेय एकट्या मूग यांना देऊ नये.

१९६८ मध्ये वेंडी कार्लोस यांनी या यंत्रावर बाख वाजवला, ती रेकॉर्ड तुफान खपली. त्या मूग यांना यंत्रातले दोष सांगत आणि मूग दुरुस्त करत. १९६९ ला एक मूग यंत्र अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आलं. १९७० मध्ये मिनीमूग निघालं. त्याचा पहिला नमुना बिल हेमसॅथ या सहकाऱ्याने जेवणाच्या सुट्टीत पडीक भागांतून जोडला होता. वायरींचं जंजाळ गेलं, वाद्य उचलून नेण्याएवढं झालं. पुढे केर्सी लॉर्ड यांनी ते मुंबईच्या सिनेसंगीतात आणलं.

एवढं होऊनही धंदा काही जमला नाही. कर्ज वाढलं आणि १९७१ ला कंपनी विकावी लागली. १९७७ ला मूग तिथून बाहेर पडले. वाद्यांवर त्यांचं नाव तसंच राहिलं, पण त्या नावावर त्यांचा हक्क उरला नाही. डोंगराळ नॉर्थ कॅरोलिनात जाऊन त्यांनी दुसऱ्या नावाने छोटं वर्कशॉप काढलं आणि पुन्हा थेरेमिन बनवू लागले. पंधरा वर्षांच्या पोराचं काम साठीतल्या माणसाने परत हातात घेतलं! स्वतःचं नाव वाद्यावर लावायचा हक्क २००२ ला परत मिळाला. तीनच वर्षांनी, २१ ऑगस्ट २००५ रोजी, मेंदूतल्या गाठीने ते गेले.

त्यांच्या नावाची संस्था आज तिथल्या दुसरीच्या वर्गांत ध्वनीचं विज्ञान शिकवते. मुलं आवाज कसा तयार होतो ते हाताने करून बघतात. आपल्याकडे त्यासाठी रबरबँड, डबा आणि काडेपेटीचा दोऱ्याचा फोन आहेच. त्या तिसरीतल्या मुलाला मी आता बंद पडलेला एक रेडिओ दिला आहे. सेल काढून, अर्थातच. तो उघडून बघतो आहे.