मुरळीला संसाराची वाट दाखवणारे शिवराम जानबा कांबळे

बाजारकुणंग : देवाला सोडलेली मुलगी पुढं कुठं जाते, हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका साध्या नोकरदारानं जाहीरपणे विचारला. त्यांचं नाव शिवराम जानबा कांबळे. सीमाभागातल्या नव्या पिढीला हे नाव फारसं ठाऊक नाही, म्हणून आज त्यांच्याविषयी.

कांबळे यांचा जन्म 1875 चा, महार कुटुंबातला. पुण्याच्या मेसॉनिक हॉलमध्ये ते नोकरीला होते. लष्करात महारांची भरती बंद झाल्यानं समाजाची एक हक्काची कमाई गेली होती. ती परत मिळावी म्हणून त्यांनी सासवडला 51 गावांतल्या लोकांची सभा घेतली आणि सरकारकडे अर्ज केला. 1910 साली जेजुरीच्या परिषदेतून थेट लंडनला, भारतमंत्र्यांकडे निवेदन गेलं.

जेजुरी म्हणजे खंडोबाचं ठाणं. मूल व्हावं, दुखणं बरं व्हावं म्हणून नवस बोलायचा आणि पहिली मुलगी खंडोबाला मुरळी म्हणून वाहायची, अशी चाल होती. आपल्याकडं सौंदत्तीच्या यल्लम्माला जोगतीण सोडतात, तसाच प्रकार. देवाशी लग्न लागलं, की माणसाशी लग्न नाही. जागरणात नाचायचं, कोटंबा घेऊन भीक मागायची. पोट भरेना, की मुंबई-पुण्याची पेठ. नवस आईबापाचा, किंमत मात्र पोरीनं चुकवायची. त्यात गरमीसारखे रोग जडत, औषधपाणी मिळत नसे, आणि उतारवयात विचारणारं कुणी नसे.

याचा व्यवहारही समजून घ्यायला हवा. घरात जमीन नाही, मजुरी थोडी, आणि मुरळी झालेली मुलगी घरात पैसा आणते. त्यामुळं श्रद्धेच्या जोडीला गरजही ही चाल टिकवून होती. नुसत्या उपदेशानं भागणारं हे काम नव्हतं.

कांबळे यांनी 1908 साली 'सोमवंशीय मित्र' हे पत्र सुरू केलं आणि त्यातून मुरळी सोडण्याविरुद्ध लिहायला लागले. शिवूबाई लक्ष्मण जाधव या मुरळीनं स्वतःची कैफियत त्यांच्याकडं पाठवली आणि त्यांनी ती छापली. ज्या बाईकडं लोक तमाशा म्हणून बघत, तिचं म्हणणं पत्रात आलं, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पुढं गणपतराव हणमंतराव गायकवाड हे कार्यकर्ते लग्नाला तयार झाले आणि शिवूबाईंचा संसार उभा राहिला. चाल वाईट आहे असं सांगणारे पुष्कळ होते, पण त्या बायकांना घरात कोण घेणार, याचं उत्तर कांबळे यांनी कृतीतून दिलं.

1929 साली पुण्याच्या पर्वती मंदिर सत्याग्रहातही ते पुढं होते.

पुढं 1934 साली मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षण कायदा आला. देवाला वाहिलेल्या बाईचं लग्न कायदेशीर ठरलं, तिच्या मुलांना औरस दर्जा मिळाला. आपला कारवार जिल्हा 1956 पर्यंत मुंबईतच होता. म्हणजे जोयडा तालुका जेव्हा सुपा होता, तेव्हाही हा कायदा आपल्याला लागू होता. कर्नाटकानं 1982 साली स्वतंत्र कायदा करून मुलगी वाहणं गुन्हा ठरवलं.

कायदा मुलगी सोडणाऱ्याला शिक्षा करू शकतो. पण जी आधीच सोडली गेली, तिला रेशनकार्ड, दवाखाना, पोरांना शाळा आणि रोजगार कुठून मिळणार? एचआयव्हीच्या काळात हा प्रश्न आणखी जड झाला. आजारी बाई लाजेपोटी दवाखान्यात गेली नाही, तर रोग तिच्यापुरता राहत नाही, घराघरांत जातो.

म्हणूनच कांबळे यांचं काम आजही कामाचं आहे. त्या बायकांना नावं ठेवण्याऐवजी त्यांनी त्यांचं ऐकून घेतलं, छापलं आणि माणसासारखं जगायला जागा करून दिली. आपल्या गावात, आपल्या नात्यात अशी एखादी बाई असेल, तर तिला दवाखान्यापर्यंत सोबत करणं एवढं तरी आपल्या हातात आहे.